सीजीपीए ७.४ म्हणजे २.९६ नव्हे : प्रवेश अर्जातील या चुका टाळा

दहापैकी ७.४ सीजीपीए (सर्व सत्रांचा एकत्रित सरासरी गुणांक) असलेला कोल्हापूरचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठाची ‘किमान जीपीए (चारपैकी सरासरी गुणांक) ३.०’ ही अट वाचतो, आपल्या आकड्याला १० ने भागून ४ ने गुणतो, उत्तर २.९६ येते आणि तो अर्ज करण्याचा विचारच सोडून देतो. इतर चुका दुरुस्त करता येतात. न भरलेल्या अर्जाला मात्र उपाय नाही, म्हणून ही चूक सर्वांत महागात पडते.

या गुणाकारात दोन्ही देशांतील गुणदानाचा फरक विसरला जातो. अमेरिकेत साधारणपणे ९० टक्क्यांच्या पुढे ए म्हणजे ४ आणि ८० च्या पुढे बी म्हणजे ३ गुणांक मिळतो. आपल्याकडे ६० टक्क्यांनाच प्रथम श्रेणी सुरू होते. त्यामुळे डब्ल्यूईएससारख्या, परदेशी पदव्यांचे मूल्यमापन करणाऱ्या संस्था विषयवार अहवालात प्रत्येक विषयाची श्रेणी आधी अमेरिकी श्रेणीत बदलतात आणि मग श्रेयांकांनुसार (क्रेडिट, म्हणजे विषयाला दिलेला भार) सरासरी काढतात. प्रथम श्रेणीचे गुण या पद्धतीत पुष्कळदा बी किंवा त्याहून वर बसतात. शिवाय अनेक विद्यापीठे स्वतः रूपांतर करू नका, असे स्पष्ट सांगतात. तेथे ‘७.४, कमाल १०’ असेच लिहावे.

जर्मनीत आकड्यांची दिशाच उलटी असते. तेथे १.० सर्वोत्तम आणि ४.० उत्तीर्णतेची सीमा. परदेशी गुण जर्मन श्रेणीत बदलण्याच्या सुधारित बव्हेरियन सूत्रानुसार, कमाल गुणांक १० आणि उत्तीर्णतेचा ४ धरल्यास, ७.४ चे २.३ होतात. तेथील ‘किमान २.५’ या अटीत हा विद्यार्थी बसतो, कारण २.५ पेक्षा कमी आकडा म्हणजे अधिक चांगली कामगिरी. आकडा लहान दिसतो म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

टक्केवारी काढताना सीजीपीएला ९.५ ने गुणण्याची सवयही घातक आहे. हे सूत्र सीबीएसईच्या दहावीच्या जुन्या श्रेणीपद्धतीसाठी होते. प्रत्येक विद्यापीठाच्या पदवीला ते लागू होत नाही. त्याने ७.४ चे ७०.३ टक्के होतात, तर एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) सूत्राने, म्हणजे सीजीपीएमधून ०.७५ वजा करून १० ने गुणल्यास, ६६.५ टक्के. गुणपत्रिकेवर छापलेले किंवा आपल्या विद्यापीठाने लेखी दिलेले सूत्रच वापरावे. अन्यथा अर्जातील टक्केवारी आणि कागदपत्रे यांत तफावत निघते. त्याचप्रमाणे सर्व सत्रांच्या एसजीपीएची (एका सत्राचा गुणांक) साधी सरासरी म्हणजे सीजीपीए नव्हे. २२ श्रेयांकांच्या सत्रात ७.० आणि १८ श्रेयांकांच्या सत्रात ९.० असतील, तर सीजीपीए ८.० नसून ७.९ होतो.

किमान अट पूर्ण झाली म्हणजे प्रवेश निश्चित, हा समज तर आणखी पसरलेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशासाठी किमान ३.० लागतो, परंतु तो केवळ उंबरठा आहे. पुढची निवड विभाग करतो, आणि तेथे प्रकल्प, शिफारसपत्रे व मुख्य विषयांतील गुण पाहिले जातात. देशात मात्र किमान अट काटेकोर असते: नेटसाठी (प्राध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) खुल्या प्रवर्गाला पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के लागतात आणि ५४.८ चे ५५ करून चालत नाही.

एटीकेटी (नापास विषय राहूनही पुढच्या वर्षात जाणे) लपवू नये. ट्रान्स्क्रिप्टवर (सर्व सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा) ती दिसू शकते, आणि दिसल्यावर मौनच अधिक संशयास्पद वाटते. उद्देशपत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पज) दोन वाक्यांत कारण आणि पुढची सुधारणा सांगणे पुरेसे आहे. पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्यांनी पदविकेच्या गुणपत्रिकाही जोडाव्यात, नाहीतर पहिल्या वर्षाचे गुण कुठे गेले, हा प्रश्न हमखास येतो.

बारावीनंतर अमेरिकेत पदवीसाठी जाणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. तेथे सामान्यतः नववी ते बारावी अशी चारही वर्षे पाहिली जातात, आणि आपल्याकडे सीईटीच्या धावपळीत अकरावी बहुतेकांनी वाऱ्यावर सोडलेली असते. तसेच तेथील विद्यार्थ्यांचे ४.३ किंवा ४.५ असे जीपीए वाचून दबून जाऊ नये. कठीण अभ्यासक्रमांना जादा भार देऊन ते काढलेले असतात.

अमेरिकेतील शरद सत्राच्या बऱ्याच मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात, म्हणून ट्रान्स्क्रिप्टसाठीचा अर्ज दिवाळीपूर्वीच द्यावा. स्वायत्त महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी तो महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात द्यायचा की शिवाजी विद्यापीठात, याची खात्री त्याआधी करून घ्यावी.