'होऊन जाऊ दे एकदाचं' असं वाटत असेल, तर

मनात नसताना शरीरसंबंधाला 'हो' म्हणण्याचा हा विषय रात्री अंथरुणात काढू नका. तिथे 'आज नको' म्हटलं की नवऱ्याला फक्त नकार ऐकू येतो. आम्ही बोललो ते रविवारी दुपारी, लसूण सोलताना. हात कामात असले की एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. संसार कितीही जुना असो, याची मदत होते.

त्याआधी स्वतःला विचारा, नकोसं नेमकं काय झालंय? दमणूक, दुखणं, की सध्या तो माणूसच? दमणूक असेल तर रात्रीचा ओटा कोण आवरतं, इथून बोलणं सुरू होतं. माणूसच नकोसा झाला असेल तर आधी ते भांडण मिटवा. दुखत असेल तर मात्र सोसू नका. पाळी जायच्या सुमारास, तसंच बाळ अंगावर पीत असताना इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं आणि योनीमार्ग कोरडा पडतो. पाण्यावर आधारित ल्युब्रिकंट (ओलाव्यासाठी लावायचं जेल) मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं. (खोबरेल तेल निरोधसोबत नको, रबर कमजोर होतं.) तरीही दुखलं तर डॉक्टरांना 'संबंधाच्या वेळी दुखतं' असं स्पष्ट सांगा. नुसतं 'खाली त्रास होतो' म्हणून भागत नाही. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही इच्छा कमी होते. गोळी परस्पर बंद करू नका, विचारा.

मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही जवळ घेतलं की पुढचं ठरलेलंच असतं, म्हणून मी आधीच अंग चोरते. काही दिवस नुसतंच जवळ घ्या." माझ्या मते सगळं इथेच अडतं. पाठीवर हात फिरला तरी त्याची परतफेड करावी लागणार, या धास्तीने साधा स्पर्शही नकोसा होतो.

"म्हणजे इतकी वर्षं?" ह्यांनी विचारलं. खरं तेच सांगितलं: कधी मनापासून, बरेचदा नाही. मग घरात अबोला. तो सोसावा, लगेच समजूत काढायला म्हणून पुन्हा 'हो' म्हणू नका.

रुसणं वेगळं आणि घरखर्च अडवणं, मुलांसमोर टोमणे मारणं, बळजबरी करणं वेगळं. सोबत राहणाऱ्या सज्ञान पत्नीवरची जबरदस्ती आपला कायदा आजही बलात्कार मानत नाही. पण 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ येतो आणि त्याखाली कोर्टाकडून संरक्षण मागता येतं. महिलांसाठीची हेल्पलाइन 181 आहे. तक्रार करायचं ठरलं नसलं, तरी नुसतं विचारायलाही तिथे फोन करता येतो.