आई-बाबांना चालायला लावताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी दहा हजार पावलांचं टार्गेट. हा आकडा डॉक्टरांनी ठरवलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या जाहिरातीतून तो जगभर पसरला.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांना मुलाने मनगटावरचं घड्याळ पाठवलं. वय सत्तरीपुढचं, चालणं म्हणजे पेपर आणायला खाली उतरणं. मुलगा रोज रात्री फोनवर आकडा विचारायचा, म्हणून काका तळजाई टेकडीचा चढ चढून तो पुरा करायचे. आठवडाभरात गुडघा सुजला. पुढे कित्येक महिने "मला चालणं मानवत नाही" म्हणत घरीच बसले. असल्या घाईचा मला मनापासून राग येतो. सूज उतरल्यावर मी त्यांना दूधकेंद्रापर्यंत न्यायला लागले, सपाट रस्त्याने, मधे देवळाच्या कट्ट्यावर बसून. दम लागत नाही असं ते स्वतः म्हणेपर्यंत अंतर वाढवलं नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, पण ती दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांतही भरतात. वेगाची माझी खूण एकच: चालताना बोलता आलं पाहिजे.

दुसरी चूक, झिजलेल्या स्लीपर. टाच पट्ट्याने धरलेली आणि तळ न घसरणारा हवा. मधुमेहात पायांची संवेदना कमी होऊ शकते, मग फोड आलेला कळतही नाही. म्हणून आई फिरून आली की मी तिचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघते. तिला संकोच वाटतो, तरी बघतेच.

इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी घेऊन उपाशीपोटी बाहेर पाठवू नका. रक्तातली साखर एकदम उतरली तर म्हणून खिशात साखरेची पुडी असू द्या.

छातीत दडपण आलं तर "थोडं चाललं की जाईल" म्हणू नका. तिथेच थांबवा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. चालताना पोटरी दुखते आणि थांबलं की दुखणं जातं, असं वारंवार होत असेल तर ते वयाच्या नावावर खपवू नका. पायाच्या रक्तवाहिन्या तपासून घ्या.

पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीपेक्षा घरातला पॅसेज बरा.

आणि "बसून बसून गंज चढेल" हे टोमणे बंद करा. त्यापेक्षा कोथिंबीर आणायला सांगा, वेळ असेल तर सोबत जा, आणि चाल त्यांची ठेवा, तुमची नाही.