खेळणं फुटणार कसं ते आधी बघा : कुत्र्यासाठी खेळणी घेताना या चुका टाळा

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एखाद्या पेट शॉपमध्ये गेलात तर भिंतभर खेळणी टांगलेली असतात आणि घेणारा माणूस हमखास रंगावर भाळतो. कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक फारसा कळत नाही, निळा आणि पिवळा त्यातल्या त्यात नीट दिसतो. हिरवळीवर लाल बॉल टाकलात तर तो नाकाने हुंगत शोधत बसेल. पण रंग ही फार किरकोळ गोष्ट. आपण खेळणं नवंकोरं असताना कसं दिसतं तेवढंच बघतो, चूक तिथे होते. कुत्र्याचं प्रत्येक खेळणं आज ना उद्या फाटतं, तुटतं, उसवतं. तुटल्यावर त्याचे कसले तुकडे पडणार आणि ते आपल्या कुत्र्याच्या घशातून खाली जातील का, हा विचार पैसे देण्याआधी करायचा.

‘नॉन-टॉक्सिक आहे, इम्पोर्टेड आहे, बिनधास्त घ्या’ यावर विसंबू नका. लहान मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, पण तो नियम १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांपुरता. कुत्र्याच्या खेळण्यांना तसली सक्ती नाही, त्यामुळे पाकिटावर ‘सेफ’ छापायला फारसं काही लागत नाही. उग्र रासायनिक वास येतोय का, हाताला रंग लागतोय का, हे स्वतःच तपासा. मुलांचं जुनं सॉफ्ट टॉय कुत्र्यापुढे टाकणं तर आणखी वाईट. मूल ते कुशीत घेतं, कुत्रा त्याचं पोट फाडतो. आतून थर्माकोलचे दाणे निघतात, प्लॅस्टिकचे डोळे निघतात आणि गाणारं खेळणं असेल तर बटण सेलही निघतो. बटण सेल गिळला गेला तर अन्ननलिका आतून भाजते. तिथे सकाळपर्यंत थांबायची सोय नाही.

टणक म्हणजे टिकाऊ, हा समज

‘अहो, मटणाची नळी द्या त्याला, तासभर बसेल गप्प!’ हा सल्ला नाशिकमध्ये कुठल्याही बिल्डिंगच्या खाली मिळतो. शिजवलेल्या हाडाच्या टोकदार चिरफळ्या होतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. दाताचं मात्र कुणी सांगत नाही. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात आणि टणक वस्तू तो पुढच्या दातांनी फोडत नाही, तोंडाच्या कडेला सरकवून वरच्या मोठ्या दाढेखाली घेतो. हाड, खूर, शिंग, कडक नायलॉनचं हाडूक, ऑनलाइन मिळणारा याकच्या दुधाचा दगडासारखा चीज बार, यांपैकी कशानेही त्या दाढेचा पापुद्रा उभा निघू शकतो. मग भूल देऊन दाढ काढा, नाहीतर रूट कॅनल करा. कुत्रा मात्र जेवत राहतो, म्हणून महिनोन्‌महिने घरात कुणाला पत्ता नसतो. एका बाजूनेच चावणं किंवा डोळ्याखाली आलेली सूज ही त्याची खूण. (चितळ-सांबराची शिंगं विकणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे. कुणी ‘नैसर्गिक च्यू’ म्हणून ती दाखवली तर दुकान बदला.)

दुकानात उभ्या उभ्या करायची परीक्षा सोपी आहे. अंगठ्याचं नख दाबा, किंचित तरी वळ उमटला पाहिजे. उमटत नसेल तर ते ठेवून द्या. पिल्लांच्या बाबतीत तर याला अपवादच नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून त्यांचे २८ दुधाचे दात पडायला लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत हिरड्या सळसळत असतात. अशा वेळी ओला पंचा पीळ देऊन फ्रीजरमध्ये ठेवा, गार झाला की आपल्यासमोर चावू द्या आणि सुटायला लागला की काढून घ्या.

बॉल

गल्ली क्रिकेटचा टेनिस बॉल प्रत्येक घरात असतो, म्हणून तोच कुत्र्याला मिळतो. फेकून आणण्यापुरता ठीक आहे. तासन्‌तास चघळायला दिलात तर त्यावरची लव मैदानातली माती धरून ठेवते आणि दात घासून सपाट करते. शिवाय लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्डच्या दाढेखाली त्याची दोन शकलं व्हायला वेळ लागत नाही.

आकाराची चूक जास्त जिवावर बेतते. पिल्लू तीन महिन्यांचं असताना घेतलेला रबरी बॉल ते वर्षाचं झाल्यावरही घरात लोळत असतो. हवेत झेप घेऊन झेलताना तो थेट घशाच्या तोंडाशी बसतो. बॉल सुळ्यांच्या मागे जाता कामा नये, एवढा मोठा हवा. पोकळ बॉलला एकच भोक असेल तर आत हवेची ओढ तयार होऊन जीभ अडकू शकते, म्हणून दोन भोकांचा घ्या. बॉल अडकलाच तर तोंडात बोटं खुपसू नका, तो आणखी आत जातो. जबड्याच्या मागे, गळ्याच्या बाहेरून अंगठ्यांनी तो तोंडाच्या दिशेने ढकलायचा, आणि त्याच वेळी कुणीतरी गाडी काढायची.

दोरी, मांजा आणि फिती

दोरीचं खेळणं ओढाओढीसाठी असतं. खेळ संपला की ते कपाटात गेलं पाहिजे. कुत्रा एकटा बसून त्याचे धागे उपसायला लागला की धागा गिळला जातो, एक टोक पोटात किंवा जिभेखाली अडकतं आणि आतडं उरलेला धागा पुढे ढकलत राहतं. नाडी ओढल्यावर परकराला चुण्या पडाव्यात तसं आतडं गोळा होतं आणि धागा त्याला कापतो. शी करताना धागा लोंबताना दिसला तर ओढू नका, सरळ दवाखाना गाठा. संक्रांतीनंतर तर जास्तच लक्ष हवं. येवल्यात पतंगांचा केवढा जोर असतो ते जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे, नाशिकच्या गच्च्याही मागे नसतात, आणि तुटलेला मांजा कित्येक दिवस गच्चीच्या कोपऱ्यात, झाडाझुडपांत पडून राहतो.

द्राक्षाच्या मोसमातल्या चुका

हे खास आपल्याकडचं. जानेवारी ते एप्रिल घरात पेटीने द्राक्षं येतात. दिंडोरीहून, निफाडहून कुणी ना कुणी आणून देतंच. एखादा मणी फरशीवर घरंगळतो, कुत्रा पंजाने ढकलत त्याच्यामागे धावतो, सगळे हसतात आणि तो मणी गट्टम होतो. द्राक्षं आणि मनुके कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. किती खाल्ल्यावर धोका, याला ठरावीक आकडा नाही: एकाला काहीच होत नाही, दुसऱ्याची लघवीच बंद पडते. म्हणून चार मणी खाल्ले तरी उलट्यांची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. कांदाही त्यातलाच, तो रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो. टोपलीतून सुटलेला गोल कांदा घेऊन पिल्लू घरभर फिरतं ते व्हिडिओत गोड दिसतं, पण ते आधी सोडवा.

आता रिकामी पेटी. पुठ्ठ्याचा खोका फाडायला देणं हा खरं तर उत्तम आणि फुकटचा खेळ आहे. पण निर्यातीच्या द्राक्षपेटीत वरून एक पातळ कागदी पॅड घातलेला असतो, त्यातून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडमुळे फळाला बुरशी लागत नाही. तो पॅड कुत्र्याच्या तोंडात जाऊ देऊ नका. पॅड, प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिकटपट्टी आणि पिना सगळं काढा, मगच खोका द्या.

‘एवढं महाग आणलं, बघतसुद्धा नाही’

सगळी खेळणी चोवीस तास पुढ्यात पडलेली असली की त्यांचं नवल संपतं. दोन-तीन बाहेर ठेवा, बाकीची धुऊन आत टाका, आठवड्याने बदला. तरीही निर्जीव वस्तूत रस नसेल तर कुत्र्याला खेळण्यात खाणं हवंय. पोकळ रबरी खेळण्यात दहीभात किंवा उकडलेला लाल भोपळा भरून गोठवा, मीठ आणि फोडणी नको. पीनट बटर घालणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते गोड द्रव्य) नाही ना हे वाचा, ते कुत्र्यांना विष आहे. पग, शिह त्झू यांना सपाट तोंडामुळे खोल पोकळीतलं चाटता येत नाही, त्यांना उथळ ताटलीसारखं द्या. आणि जुनी चप्पल खेळायला देऊन नव्या चपलेवरून ओरडू नका. त्याच्या नाकाला दोन्ही सारख्याच.

खेळणं घ्यायला गेलं की गुरगुरत असेल तर हिसकावू नका, त्याने तो अधिकच घट्ट धरायला शिकतो. पनीरचा तुकडा दाखवून अदलाबदल करा. घरात दोन कुत्रे असतील तर खाणं भरलेली खेळणी वेगवेगळ्या खोल्यांत द्या.

तुकडा गिळलाच तर

मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उपाय करू नका, त्या मिठानेच कुत्रा दगावू शकतो. वारंवार उलट्या, जेवणाला तोंड न लावणं, पोटाला हात लावू न देणं, कुंथूनही शी न होणं, यांतलं काहीही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. जाताना उरलेलं खेळणं पिशवीत घालून बरोबर घ्या. कापड आणि काही प्रकारचं रबर एक्स-रेत नीट दिसत नाही, आणि किती मोठा, कसला तुकडा शोधायचा हे डॉक्टरांना त्या उरलेल्या भागावरून कळतं.