मुलांचा फुटबॉल क्लब चालवताय? या चुका टाळा

मी बरीच वर्षं मुलांच्या एका फुटबॉल क्लबची चिटणीस होते. रागावून आलेल्या पालकांपैकी बहुतेकांचा प्रश्न एकच असायचा, "हे आम्हाला आधी का नाही सांगितलं?" त्यांचं बरोबर होतं. क्लबमधल्या भांडणाला तोंड मैदानावर फुटतं, पण त्याचं मूळ बहुतेक वेळा हंगामाआधी जे बोलायचं राहून गेलं त्यात असतं.

खेळायला किती मिळणार, हे कुणीच ठरवत नाही

सगळ्यात जास्त मुलं याच चुकीमुळे क्लब सोडतात असं माझं मत आहे. आमच्याकडे दहा वर्षांचा एक मुलगा होता. एका सामन्यात मध्यंतरानंतरही तो बाकावरच होता. बुटाची नाडी सोडायचा, पुन्हा बांधायचा आणि प्रत्येक वेळी मान वर करून कोचकडे बघायचा. शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा त्याला आत पाठवलं. पुढच्या हंगामात तो आलाच नाही. कोच मनाने वाईट नव्हता. त्याला जिंकायचं होतं, आणि 'सगळ्यांना खेळवा' हे आम्ही कार्यकारिणीने त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

उपाय सोपा आहे, पण तो हंगामाआधीच करावा लागतो. बारा वर्षांखालच्या गटात प्रत्येक मुलाला किमान अर्धा सामना मिळेल, असा नियम लिहून काढा आणि त्यावर कोच व पालक दोघांच्याही सह्या घ्या. बदलीचा तक्ता सामन्याआधी तयार ठेवा. सातास सातचा (प्रत्येक बाजूला सात खेळाडू), ५० मिनिटांचा सामना आणि संघात दहा मुलं असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३५ मिनिटं येतात. हिशेब इतका सरळ असताना तो शिट्टी वाजल्यावर कोचने डोक्यात का करावा?

हंगाम अर्धा झाल्यावर तक्रार आली, तर वाद घालत बसू नका. मागच्या तीन सामन्यांत कोण किती मिनिटं खेळलं ते मांडा. आकडे समोर आले की कोचलाही धक्का बसतो. मी हे पाहिलं आहे.

मोठ्यांचा खेळ लहानांच्या गळ्यात मारणं

मोठ्यांच्या मैदानावरचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. त्याखाली नऊ वर्षांची गोलकीपर उभी केली, तर डोक्यावरून गेलेल्या चेंडूसाठी तिला बोल लावण्यात काय अर्थ? साधारण आठ वर्षांपर्यंत ३ नंबरचा चेंडू, बारापर्यंत ४ नंबरचा आणि त्यानंतर ५ नंबरचा वापरतात. अमेरिकेत आठ वर्षांपर्यंत चारास चार, नऊ-दहाला सातास सात, अकरा-बाराला नवास नऊ आणि मग अकरास अकरा अशी चढण ठेवली आहे. मैदानात मुलं कमी असली की प्रत्येकाच्या पायाला चेंडू जास्त वेळा लागतो.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. वयोगट १ जानेवारीपासून मोजला जात असेल, म्हणजे एकाच वर्षात जन्मलेली मुलं एका गटात येत असतील, तर जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षभराने मोठा असतो. निवड चाचणीत तो उंच आणि जोरकस दिसतो, आणि आपण त्यालाच गुणवान समजतो. तुमच्या 'अ' संघातल्या मुलांचे जन्ममहिने एकदा लिहून पाहा. पहिल्या तीन-चार महिन्यांतलीच मुलं जास्त निघाली, तर निवड करताना जन्ममहिना डोळ्यांसमोर ठेवा आणि 'ब' संघातल्या मुलांना वर्षातून दोनदा तरी पुन्हा पाहा.

सुरक्षेचं 'बघू नंतर'

इथे चालढकल नको. हलवता येणारे गोलपोस्ट जमिनीला पक्के बांधलेले नसतील, तर त्या दिवशी सराव नाही. मुलं आडव्या दांड्याला लोंबकळतात, पोस्ट पुढे कलंडतो आणि अशा अपघातांत जीव गेले आहेत. डोक्याला मार लागून मूल गोंधळलेलं वाटलं, गरगरतंय म्हणालं किंवा नुसती शंका आली, तरी त्याला बाहेर काढा आणि त्या दिवशी पुन्हा उतरवू नका. "मी ठीक आहे सर" हे त्याचं म्हणणं अशा वेळी धरायचं नाही. ढगांचा गडगडाट ऐकू आला की सगळ्यांना पक्क्या छपराखाली न्या, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं जाऊ द्या. कोणत्याही सरावाला एकटा मोठा माणूस नको, दोन हवेत. ते मुलांच्या हिताचं आहे आणि कोचच्याही.

पैसे आणि मेसेज

वर्गणीची पावती त्याच दिवशी द्या. बँकेतून पैसे काढायला दोन सह्या लागू द्या आणि दर तीन महिन्यांनी जमाखर्च पालकांसमोर ठेवा. खजिनदार कितीही सज्जन असो, ही शिस्त त्याच्यावरचा संशय टाळते. सामन्याबद्दलची तक्रार चोवीस तासांनंतरच ऐकली जाईल आणि तीही ग्रुपवर नाही तर समोरासमोर, हेही पहिल्याच बैठकीत सांगून टाका.

सगळं एकाच माणसाकडे असणं

ही चूक माझी स्वतःची. मुलांची नावं, पालकांचे फोन नंबर, कुणाला दमा आहे, कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे, सगळं माझ्या फोनमध्ये होतं. एका संध्याकाळी मी प्रवासात होते, फोन बंद पडला होता, आणि सरावात एक मुलगी मनगटावर पडली. कोच इतर पालकांना विचारत फिरला. तिच्या आईपर्यंत निरोप पोचायला पाऊण तास लागला. मुलगी हात छातीशी धरून बसून होती, रडतही नव्हती.

दुसऱ्याच दिवशी यादी छापली. आता प्रत्येक संघाच्या प्रथमोपचार पेटीत, झाकणाच्या आतल्या बाजूला, प्लॅस्टिकच्या पाकिटात ती असते. वर तारीख असते, आणि महिन्याच्या पहिल्या सरावाला जुनी काढून नवी ठेवतात. क्लबच्या खोलीच्या किल्ल्या तिघांकडे असतात, खात्यांचे पासवर्ड दोघांकडे.