एडलिन वापरताना या चुका टाळा

टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये सिअॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्समध्ये ८६-डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम (पुढची एमएस-डॉस) लिहिली, तेव्हा तिच्यासोबत एक छोटा ओळ-संपादक, म्हणजे एकेक ओळ घेऊन मजकूर दुरुस्त करणारा प्रोग्रामही लिहिला. तोच एडलिन. १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर तो सगळीकडे पोचला आणि १९९१ मध्ये एमएस-डॉस ५ सोबत पूर्ण पडद्याचा एडिट येईपर्यंत डॉसबरोबर मिळणारा संपादक हाच होता. आज जुनी मशीन किंवा एम्युलेटर चालवणाऱ्यांना ऑटोएक्झेक.बॅट (मशीन सुरू होताना आपोआप चालणाऱ्या कमांडची फाइल) दुरुस्त करायला पुन्हा त्याच्याकडेच यावे लागते. त्याची बदनामी बरीच झाली आहे, पण बहुतेक नुकसान दोनच गोष्टी नीट न कळल्यामुळे होते: आपण आत्ता कमांड देतो आहोत की मजकूर लिहितो आहोत, आणि चालू ओळ, म्हणजे क्रमांक न दिल्यास कमांड जिच्यावर चालते ती ओळ, कोणती आहे.

पुढचे सगळे एमएस-डॉस २ ते ३.३ धरून लिहिले आहे. कमांड रोमन अक्षरांत टाइप करायच्या, मोठी लिपी असो वा छोटी. इथे त्या अक्षरांची नावे दिली आहेत.

तारका कुठे आहे ते आधी पाहा

डाव्या कडेला नुसती तारका (*) असेल तर एडलिन कमांडची वाट पाहतो आहे. ओळ क्रमांक, विसर्गासारखे दोन टिंब आणि मग तारका, म्हणजे "३:*" असे दिसत असेल, तर तुम्ही जे टाइप कराल ते फाइलमध्ये जाईल. आय देऊन मजकूर भरल्यावर सेव्ह करण्यासाठी ई दाबणारे इथेच फसतात. ई ही एक नवी ओळ होऊन फाइलमध्ये बसते. मग क्यू, एक्झिट, हेल्प असे शब्दही एकाखाली एक बसत जातात. बाहेर पडायला नव्या, रिकाम्या ओळीवर कंट्रोल-सी दाबा. ओळ अर्धी लिहून झालेली असताना कंट्रोल-सी दाबलेत तर ती अर्धी ओळ जाते, आधीच्या राहतात. म्हणून आधी एंटर, मग कंट्रोल-सी. बाहेर आल्यावर १एल देऊन यादी पाहा आणि भरकटलेल्या ओळी डीने काढा.

यादीतही एक तारका दिसते, ती चालू ओळीची खूण. एल २३ ओळी दाखवते: चालू ओळीच्या आधीच्या ११, ती स्वतः आणि नंतरच्या ११.

यादी पाहिली म्हणजे तिथे पोचलो, असे नाही

ही सर्वांत महागात पडणारी चूक. ५०एल दिले, पन्नासावी ओळ समोर आली, आणि नुसते डी दाबले. पुसली गेली ती पन्नासावी नव्हे, तर चालू ओळ, मग ती तिसरी का असेना. एल चालू ओळ हलवत नाही. पी मात्र पानापानाने पुढे जाताना ती हलवते. पुसताना क्रमांक नेहमी लिहावा: ५०डी. स्वल्पविरामही जपून द्या. ७डी फक्त सातवी ओळ काढते, पण ,७डी चालू ओळीपासून सातवीपर्यंत सगळे काढते. केलेले मागे घेण्याची सोय एडलिनमध्ये नाही. क्यू देऊन, वाय म्हणून, सगळेच काम सोडून देणे एवढाच मार्ग उरतो.

क्रमांक फाइलमध्ये साठवलेले नसतात, ते दर बदलानंतर नव्याने मोजले जातात. दहावी आणि पंधरावी ओळ काढायची असेल तर आधी १५डी, मग १०डी. उलट केले तर मूळची पंधरावी चौदावी झालेली असते आणि भलतीच ओळ जाते. आय ही कमांड दिलेल्या क्रमांकाच्या ओळीच्या आधी मजकूर घालते, नंतर नाही. शेवटी भर घालायची तर #आय (# म्हणजे शेवटच्या ओळीनंतरची जागा).

ओळीचे शेपूट का तुटते

७ टाइप करून एंटर दिले की सातवी ओळ दिसते आणि खाली रिकामी "७:*" येते. नुसते एंटर दाबले तर ओळ आहे तशीच राहते. पण पहिली चार अक्षरे नव्याने लिहून एंटर दाबले तर ओळ तेवढीच उरते, पुढचे गेले. पाथच्या (प्रोग्राम कुठल्या फोल्डरांत शोधायचे ते सांगणाऱ्या) ओळी अशाच तुटतात. इथे डॉसच्या फंक्शन की कामाला येतात. एफ३ जुन्या ओळीचा उरलेला भाग खाली उतरवते. एफ२ आणि त्यानंतर एखादे अक्षर दाबले की त्या अक्षराच्या अलीकडपर्यंतचा भाग उतरतो. डिलीट जुन्या ओळीतले एक अक्षर गाळते, इन्सर्ट मध्ये भर घालू देते. पाथच्या शेवटी फोल्डर जोडायचा तर ७, एंटर, एफ३, नवा मजकूर, एंटर. चुकले तर एंटर न देता कंट्रोल-सी. जुनी ओळ शाबूत राहते.

शोधा आणि बदला

एस (शोधा) आणि आर (बदला) यांना क्रमांक न दिल्यास शोध चालू ओळीच्या पुढच्या ओळीपासून सुरू होतो. वरचे शब्द सापडत नाहीत ते त्यामुळे. १,#एस द्या. अक्षरांची मोठी-छोटी लिपी वेगळी धरली जाते. एसनंतर सवयीने जागा सोडली तर ती जागाही शोधशब्दाचा भाग होते.

आरमध्ये जुना आणि नवा शब्द यांच्यामध्ये एफ६ किंवा कंट्रोल-झेड हवे. नवा शब्द दिलाच नाही तर जुना शब्द सगळीकडून पुसला जातो. आरच्या आधी प्रश्नचिन्ह द्यावे, १,#?आर असे. मग दर बदलाला विचारणा होते.

डब्ल्यू म्हणजे सेव्ह नव्हे

दुसऱ्या संपादकांवरून येणारे डब्ल्यू देतात. इथे ती सुरुवातीच्या ओळी डिस्कवर लिहून मेमरीतून काढते. मोठ्या फाइलसाठी जागा करणे हे तिचे काम. फाइल उघडताना मेमरीचा सुमारे ७५ टक्के भाग भरला की एडलिन थांबतो. "एंड ऑफ इनपुट फाइल" हा संदेश आला नाही, नुसती तारका आली, तर फाइल अजून बाकी आहे: डब्ल्यूने आधीच्या ओळी लिहा, ए या कमांडने पुढच्या आणा. खरे सेव्ह करून बाहेर पडणे ईनेच होते.

फाइल छोटी असूनही मध्येच संपल्यासारखी दिसत असेल तर आत कंट्रोल-झेडचे चिन्ह (फाइल संपल्याची खूण) असते आणि एडलिन तिथेच थांबतो. अशी फाइल /बी देऊन उघडा.

ई मूळ फाइलच्या नावाला टिंबानंतर बीएके हे शेपूट लावून ठेवते. दोनदा सेव्ह केले की पहिली मूळ प्रत गेली. शिवाय नाव एक आणि शेपूट वेगळे असलेल्या दोन फाइली एकच बीएके वाटून घेतात, त्यामुळे एकीची प्रत दुसरीमुळे जाते. महत्त्वाच्या फाइलची प्रत आधी वेगळ्या नावाने घ्यावी. बीएके फाइल एडलिन उघडत नाही, तिचे नाव बदलावे लागते.

३६० केबीच्या फ्लॉपीवर काम करताना ई देण्याआधी मोकळी जागा पुरेशी हवी. नवी प्रत लिहिली जात असताना जुनीही डिस्कवरच असते. जागा संपली तर लिहिणे अर्धवट थांबते आणि मेमरीतले बदल जातात. म्हणून एडलिन सुरू करण्याआधीच डीआयआर देऊन शेवटच्या ओळीतला मोकळ्या बाइट्सचा आकडा पाहा. फ्रीडॉस या डॉसच्या मुक्त आवृत्तीमधला एडलिन वेगळा लिहिलेला आहे. तिथे मजकूर भरणे संपवायला ओळीवर एकटे टिंब देऊन एंटर दाबावे लागते.