पद्मिनीचा तळ: मॅटच्या आधी पाणी शोधा

अण्णांच्या १९८४च्या प्रीमियर पद्मिनीची मॅट मी पहिल्यांदा बदलली तेव्हा सगळं उलटं केलं. फाटकी रबरी मॅट काढली, खालचा कुजका नमदा फेकला, छान जाड फोम आणून चिकटवला आणि वर नवी मॅट अंथरली. एक पावसाळा गेला आणि गाडीत बसलं की ओल्या गोणपाटाचा वास यायला लागला. फोम उचकटून पिळला तर तांब्याभर पाणी निघालं. बिचाऱ्या फोमने काय करावं? पाणी येतंय कुठून, हे मी पाहिलंच नव्हतं.

म्हणून सुरुवात पाण्यापासून. बॅटरीची वायर सोडा, पुढची-मागची सीट बाहेर काढा. सीटचे बोल्ट हट्टी असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, नाहीतर डोकं उडतं. दारातल्या पट्ट्यांचे स्क्रू डबीत ठेवा. जुनी मॅट कितीही फाटकी असली तरी टाकू नका, ती पुढे फर्मा म्हणून लागते.

मग एकाने बाहेर नळी धरायची, दुसऱ्याने टॉर्च घेऊन आत आडवं व्हायचं. पाणी खालून वर न्यायचं: आधी दारं, शेवटी काचेचं रबर. एकदम टपावर नळी सोडली तर सगळीकडूनच ठिबकतं आणि काही कळत नाही. आमच्याकडे भाऊ नळीवर, मी डॅशबोर्डखाली. पुढच्या काचेच्या उजव्या कोपऱ्यातून दोऱ्याएवढी धार आली आणि पत्र्याला धरून थेट ड्रायव्हरच्या पायाशी उतरली. काचेचं रबर बदललं. तळाच्या भोकांतली रबरी बुचंही वाळून तडकली होती, तीही नवी घातली.

आता गंज. आमच्या नमद्याखाली २० पैशांचं अ‍ॅल्युमिनियमचं नाणं निघालं, त्याचा षटकोनी ठसा पत्र्यावरच्या गंजात जसाच्या तसा उमटलेला. स्क्रूड्रायव्हरने सगळीकडे टोचून बघा. टणक लागलं तर ठीक, टोक आत गेलं तर तिथला पत्रा संपला. पद्मिनीला वेगळी चासी नाही, गाडीचा भार हा पत्राच पेलतो. तेव्हा भोकावर एम-सील थापायचा मोह आवरा आणि डेंटरकडून नवा तुकडा वेल्ड करून घ्या. वेल्डिंगआधी फोम, कापड, पेट्रोलचा डबा सगळं लांब. बाकी ठिकाणी वायर ब्रश, पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड, वर रंग. दोन दिवस दारं उघडी टाकून वाळू द्या.

फोमसाठी गादीवाल्याकडे जाऊ नका. एसीच्या डक्टला गुंडाळतात तो काळा नायट्रिल रबरचा फोम घ्या, तो पाणी पीत नाही. मी पायाखाली ६ मिलिमीटर घातला, बोगद्यावर (तळाच्या मधोमध लांबीने जाणाऱ्या उंचवट्यावर) १०. सीटच्या बोल्टांभोवती मात्र कापून मोकळं सोडा, नाहीतर सीट डुगडुगते. माझी डुगडुगली.

या गाडीचा गिअर स्टिअरिंगला असतो, म्हणून बोगद्यावर दांड्यासाठी भोक पाडावं लागत नाही. तेवढंच एक सुख. जुनी मॅट तासभर उन्हात ठेवा, मऊ पडली की नव्या रबरावर उलटी पसरून खडूने आखा. कापताना दोन बोटं जास्त ठेवा. जास्तीचं नंतर कापता येतं. फेविकॉल एसआर दोन्ही बाजूंना लावायचं, हाताला चिकटेनासं झालं की दाबायचं. पण चिकटवायचं फक्त बोगद्यावर आणि पुढच्या उभ्या पत्र्यावर. पायाखालचा भाग सुटाच राहू दे. सीटकव्हरवाला म्हणेल, "ताई, सगळं चिकटवून देतो, फिनिशिंग येईल." नको म्हणा.

गाडी सुरू करण्याआधी अ‍ॅक्सिलरेटर हाताने तळापर्यंत दाबून सोडा. मॅटच्या कडेला जरा जरी अडकला तरी तिथे अर्धचंद्र कापून टाका, दिसायला कसंही दिसो.

यंदा पहिल्या मोठ्या पावसानंतर ड्रायव्हरच्या बाजूची मॅट उचलून खाली हात घातला. कोरडं ठणठणीत. डिकीत मात्र स्टेपनीखाली ओल सापडली आहे. रविवारी भावाला परत नळी धरायला बोलावलंय.