नवा कॅमेरा कोराच आहे ना? दुकानात जायच्या आधीची तयारी

रिकामं मेमरी कार्ड. बाकी सगळं नंतर. जुनं असलं तरी चालेल, पण त्यावर एकही फोटो नको. दुकानदार काउंटरवरचं एखादं कार्ड पुढे करेल, ते घेऊ नका. कॅमेरा फाइलला नंबर देताना स्वतःच्या मेमरीतला शेवटचा नंबर बघतो, तसा कार्डावरचाही बघतो. कार्डावर आधीचे चार हजार फोटो असतील तर कोरा करकरीत कॅमेराही पुढचा आकडा तिथूनच धरतो. मग हा नंबर कॅमेऱ्याचा की कार्डाचा, ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. मागच्या खेपेला माझं हेच झालं. जुनं भरलेलं कार्ड घातलं, घरी येऊन भराभर फोटो काढले, नको ते उडवले, आणि शटर काउंट, म्हणजे फोटो काढताना उघडमीट करणारं शटर आजवर किती वेळा चाललं तो आकडा, बघायची बुद्धी झाली तेव्हा तो काही हजारांत होता. दुकानदाराचं उत्तर तयार: ‘मॅडम, तुम्हीच काढले असतील.’ त्याला खोटं पाडायला हातात काही नव्हतं. म्हणून एकच गोष्ट तुम्हाला इथे पुन्हा पुन्हा ऐकावी लागणार आहे. कॅमेऱ्यातून निघालेला पहिला फोटो जपून ठेवा.

कार्डाबरोबर कार्ड रीडर आणि लॅपटॉप. लॅपटॉपवर आदल्या रात्रीच एक्झिफटूल टाकून ठेवा. फिल हार्वे यांनी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि फोटोच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याने गुपचूप लिहिलेलं सगळं ते उघडून दाखवतं. दुकानात उभं राहून मोबाईलच्या नेटवर डाउनलोड करत बसायचं नाही. घरीच एखाद्या मित्राकडून त्याच कंपनीच्या कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागवा आणि आकडा दिसतो का ते बघा. मूळ फाइल म्हणजे मूळ. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की आतली सगळी माहिती गळून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. ‘शटर काउंट बघायला हा घ्या फोटो’ म्हणून दुकानदारच आधी व्हॉट्सॲपवर काही पाठवत असेल तर त्यालाही हेच लागू.

आपल्या मॉडेलमध्ये हा आकडा नक्की कुठे सापडतो, ते घरूनच शोधून जा, कारण इथे प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. निकॉन सरळ आहे, फाइल जेपेग असो की रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल), तिच्यात शटर काउंट लिहिलेला असतो. पेंटॅक्सचंही तसंच. सोनीच्या बऱ्याच मॉडेलांत तो असतो, पण सांकेतिक रूपात. एक्झिफटूल त्यातल्या पुष्कळांचा उलगडा करतं, सगळ्यांचा नाही. कॅननवाल्यांनी मात्र जास्त तयारी करायची. त्यांच्या ईओएस मालिकेतले बहुतेक कॅमेरे फाइलमध्ये हा आकडा लिहीतच नाहीत; यूएसबी केबल लावून वेगळ्या सॉफ्टवेअरने काढावा लागतो, म्हणजे केबलही न्यायची आणि ते सॉफ्टवेअर आपल्या मॉडेलला चालतं का तेही आधी बघायचं. काही नव्या महागड्या मॉडेलांत मेन्यूतच आकडा दिसतो, पण हजाराच्या पटीत. म्हणजे एखाद्या साखरपुड्यात नऊशे फोटो काढून परत आलेला कॅमेरा तिथे कोऱ्यासारखाच दिसणार. त्यावर विसंबू नका.

पॉवर बँक आणि टाइप-सी केबल पिशवीत टाका. बॉक्समधली बॅटरी कधी थोडी चार्ज असते, कधी ठणठणीत रिकामी, आणि ‘चार्ज नाही, घरी जाऊन बघा’ हे वाक्य ऐकून बरेच जण मुकाट्याने पैसे देऊन निघतात. आजकालचे बरेच मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले, कॅमेरे बॅटरी आत ठेवून यूएसबीवर चालतात. तुमचा चालत नसेल तर अर्धा तास चार्जिंगला लावायला सांगा आणि चहा पिऊन या. सीलबंद बॉक्स तुमच्यासमोर फुटला असेल तर बॅटरी तेवढी दुकानदाराकडे ठेवा, कॅमेरा आपल्या हातात.

वेळ. मुंबईच्या बोरा बाजारात नाहीतर कुठल्याही कॅमेऱ्याच्या गल्लीत दसऱ्याला, धनत्रयोदशीला संध्याकाळी जाऊन तुम्हाला कुणी शांतपणे काही तपासू देणार नाही. मुहूर्त साधायचाच असेल तर आदल्या दिवशी जाऊन तपासा, सिरियल नंबर लिहून घ्या आणि मुहूर्तावर तोच नंबर उचला. ‘तोच आहे हो’ म्हणून दुसरा बॉक्स हातात दिला तर सगळं पहिल्यापासून.

वापरलेला कॅमेरा नवा म्हणून येतो कुठून, हे माहीत असलं की कुठे बघायचं तेही कळतं. एक, काउंटरवरचा डेमो पीस. शेकडो लोकांनी हाताळलेला, मॉडेल बंद व्हायला आलं की पुसून बॉक्समध्ये. दोन, ऑनलाइन घेऊन चार दिवसांत परत केलेला. तीन, लग्नसराईत भाड्याने फिरून आलेला, हा सगळ्यात वाईट. डेमो पीसची बटणं आणि ग्रिप दमलेली असते, भाड्याच्या कॅमेऱ्याचा धातू.

बॉक्सचं सील बघा, पण सीलवर जीव टाकू नका; स्टिकर नवा लावता येतो. त्यापेक्षा सिरियल नंबर. बॉक्सवरचा, कॅमेऱ्याच्या बुडाचा आणि वॉरंटी कार्डावरचा, तिन्ही एकच हवेत. आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष छापलेला स्टिकर बॉक्सवर असायलाच हवा, २०११च्या वजनमापाच्या नियमांनी तो सक्तीचा आहे. तो नसेल तर कॅमेरा कदाचित कोरा असेलही, पण मागच्या दाराने आलेला आहे आणि भारतातली वॉरंटी विसरा.

बॉक्स उघडण्यापासून मोबाईलवर व्हिडिओ. न थांबवता. ऑनलाइन मागवला असेल तर हे दुप्पट लागू.

आता बॉडी. टॉर्च लावा. फ्लॅश बसतो त्या हॉट शूच्या कडा बघा. फ्लॅश सरकवून बसवला की बऱ्याचदा काळा रंग घासून आतला धातू चमकायला लागतो. लेन्स काढून माउंटची, म्हणजे लेन्स जिथे बसते तिथली, धातूची रिंग बघा, वारंवार लेन्स बदललेली असेल तर तिथे गोल ओरखडे उमटतात. बुडाला ट्रायपॉडच्या भोकाचे आटे आणि त्याच्या भोवतीचा भाग. ट्रायपॉडची प्लेट आवळलेली असेल तर तिथे चौकोनी वळ राहतो. हा वळ मी एकदा बोटाने चाचपून ओळखला होता, डोळ्याला दिसत नव्हता. पट्टा अडकवतात त्या कड्या, बॅटरीची धातूची टोकं, डोळा लावतात त्या आयकपचं रबर. पट्ट्याला घड्या पडलेल्या असतील तर विचारा. मागची स्क्रीन पुसलेली चकचकीत असते, तिच्याकडे बघून काही कळत नाही.

चालू करा. नव्याने भाषा, टाइम झोन, तारीख विचारली पाहिजे. विचारली नाही तर कुणीतरी आधी हात लावलाय, तिथेच थांबा. विचारली म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली की घड्याळ आपोआप पुसलं जातं, आणि रीसेट तर कुणीही करतं. मेन्यूत कॉपीराइटच्या जागी कुणाचं नाव आहे का ते बघा. लोक रीसेट करतात आणि हे विसरतात. काही कॅमेऱ्यांत साध्या रीसेटने ते नाव जातही नाही. ब्लूटूथला जोडलेले फोनही तिथेच बघून घ्या. निकॉनच्या बऱ्याच मॉडेलांत बॅटरीचं वय ० ते ४ दिसतं, ते ० हवं. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत चार्जिंगची क्षमता तीन पट्ट्यांत दिसते, तिन्ही हिरव्या हव्यात. बॅटरी नवी घालून देता येते, तेव्हा इथे चांगलं दिसलं तर त्याचा अर्थ थोडाच, वाईट दिसलं तर पुष्कळ.

आणि आता रिकामं कार्ड घाला, मेन्यूतून फॉरमॅट करा, आणि एकच फोटो काढा. एकच. मेकॅनिकल शटरवर, म्हणजे पडदा खरोखर हलतो त्या सेटिंगवर. दुकानाच्या पंख्याचा काढा, काउंटरचा काढा, काय वाट्टेल त्याचा, पण दुसरा काढायच्या आधी तो लॅपटॉपवर उतरवा. दुकानदाराच्या पोराला हात लावू देऊ नका, तो सवयीने बर्स्टवर, म्हणजे एका दमात धडाधड फोटो काढायला, बोट ठेवतो. नाव बघा: निकॉनला डीएससी_०००१, कॅननच्या बऱ्याच मॉडेलांना आयएमजी_०००१, फुजीला डीएससीएफ०००१ किंवा त्याच्या अगदी जवळचं. मग एक्झिफटूलमध्ये शटर काउंटची ओळ; कॅननवाल्यांनी केबल लावून त्या सॉफ्टवेअरमध्ये बघायचं आणि आकड्याचा स्क्रीनशॉट ठेवायचा. कारखान्यात थोडी चाचणी होते, त्यामुळे दहा-वीस दिसले तर भांडू नका. शेकड्यात दिसले तर प्रश्न विचारा. फाइलचं नाव ०००१ आणि काउंट अठराशे, तर कॅमेरा वापरलेला आहे, नंबर तेवढा मागे गेलाय; उत्तर ऐकायची गरज नाही, कार्ड काढा आणि निघा.

‘या शटरचं आयुष्य दोन लाखांचं आहे, अठराशेने काय होतं?’ असं दुकानदार म्हणेल. निकॉन डी८५०चं खरोखर दोन लाख सांगितलेलं आहे, कॅनन आर५चं पाच लाख. पण आपण नव्याचे पैसे देतोय.

तो पहिला फोटो डिलीट करायचा नाही. लॅपटॉपवर एक प्रत, स्वतःच्या ईमेलवर अटॅचमेंट म्हणून एक. ईमेलची तारीख फुकटात पुरावा होते. क्रॉप नाही, फिल्टर नाही, नाव बदलणं नाही. पोरांचे, कुत्र्याचे, मोदकांचे फोटो काढायला जन्म पडलाय. दोन-तीनशे काढून झाले की आधीचे किती आणि आपले किती, हे फक्त तो पहिला फोटोच सांगू शकतो. तो गेला की दुकानदाराचा शब्द आणि तुमचा शब्द, बस.

एक पळवाट लक्षात ठेवा. व्हिडिओचे तास शटर काउंटमध्ये येत नाहीत, आणि पडदा न हलवता, आवाज न करता काढलेले सायलेंट शटरवरचे फोटो काही मॉडेलांत मोजले जात नाहीत. काउंट बारा आणि माउंट ओरखडलेलं, असं दिसलं तर माउंटवर विश्वास ठेवा.

सेन्सर: एफ/१६ ला, म्हणजे लेन्सचं भोक बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा फोटो, डाग बघा. पण एखाद-दुसऱ्या डागावरून गुन्हेगार ठरवू नका. २०१२ साली आलेल्या निकॉन डी६००चे नवे कोरे कॅमेरे सेन्सरवर डाग घेऊन फिरत होते, ते प्रकरण गाजलं होतं. लेन्सही बघा, फिल्टरचे आटे आणि मागचं माउंट. केबल, झाकणं, पट्टा मोजून घ्या.

बिल जीएसटीचं, पक्कं, त्यावर सिरियल नंबर. ‘नंतर लिहून देतो’ चालणार नाही. कंपनीच्या साइटवर कॅमेरा तिथेच रजिस्टर करा. नंबर आधीच कुणाच्या नावावर असेल तर विषय संपला. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीला घाबरू नका. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वापरलेला माल नवा म्हणून विकणं ही सरळ अनुचित व्यापारी प्रथा आहे. हेल्पलाइन १९१५. तक्रारीला बिल, व्हिडिओ आणि तोच, पहिला फोटो जोडा.

बॅग, ट्रायपॉड, यूव्ही फिल्टर तिथेच गळ्यात मारायला बघतील. ते पुढच्या रविवारी.